शांतिब्रह्म आणि समशेर

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की पैठणच्या वाटा टाळमृदंगांच्या घोषाने दुमदुमू लागतात. गावोगावच्या दिंड्या गोदातीरी विसावतात, वाळवंट भगव्या पताकांनी फुलून जाते आणि ज्या नगरीने एके काळी आपल्या सत्पुरुषाला वाळीत टाकले, तीच नगरी त्याच्या नावाचा जयजयकार करीत रात्रभर जागते. षष्ठी, सप्तमी आणि अष्टमी असे तीन दिवस हा सोहळा चालतो. अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटली की वारकरी जड पावलांनी घराकडे वळतो. श्रीएकनाथांच्या परंपरेत या तिथीला पंचपर्वा षष्ठी म्हणतात. सद्गुरू जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेले श्रीदत्तात्रेयांचे दर्शन, एकनाथांची आणि त्यांची भेट, स्वामींचे निर्वाण आणि अखेर नाथांची जलसमाधी, या पाचही घटना याच तिथीला घडल्या, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

या दिवसांत कीर्तनाच्या फडावर नाथांच्या दोन कथा हटकून ऐकू येतात. पहिलीत विशीही न गाठलेला एकनाथ गुरूंचे चिलखत अंगावर चढवून, त्यांची समशेर हाती घेऊन देवगडावर चालून आलेल्या शत्रूला पिटाळून लावतो. दुसरीत तेच एकनाथ प्रौढ वयात, गोदावरीच्या वाटेवर, अंगावर थुंकणाऱ्या माणसाला चकार शब्दानेही न दुखविता पुनःपुन्हा स्नानाला जातात. दोन्ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि दोन्हींपुढे मान डोलावली. परंतु या दोन कथा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर मनात प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही. यांतले खरे नाथ कोणते? शस्त्र उचलणारे की थुंकी पुसून पुन्हा नदीची वाट धरणारे? अंगावर चालून येणाऱ्या दुष्टाव्याला सामर्थ्याने उत्तर द्यावे की सहनशीलतेने, हा प्रश्न प्रत्येक पिढीला पडतो. त्याचे उत्तर शोधायला नाथांच्या चरित्रासारखी दुसरी जागा नाही. कारण दोन्ही वाटा एकाच आयुष्यात आणि सारख्याच निष्ठेने चाललेला असा महात्मा विरळा.

धामधुमीचा काळ

इ.स. १५३३ च्या सुमारास पैठण येथे एकनाथांचा जन्म झाला. पित्याचे नाव सूर्यनारायण आणि मातेचे रुक्मिणी. मातापित्यांचे छत्र अगदी शैशवातच हरपले आणि आजोबा चक्रपाणी व आजी यांनी या अनाथ नातवाला वाढविले. घराणे भानुदासांचे. विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती ज्यांनी पुन्हा पंढरीला आणली, असे परंपरा सांगते, ते संत भानुदास म्हणजे चक्रपाणींचे वडील. भक्तीचे हे धन एकनाथांच्या वाट्याला वारशानेच आले होते.

काळ मात्र भक्तीला अनुकूल नव्हता. यादवांची देवगिरी दौलताबाद होऊन दोन शतके उलटली होती. दक्षिणेत बहमनी राज्याची शकले झाली होती आणि अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही यांच्या आपसांतील लढायांत गावे, शिवारे आणि माणसे भरडून निघत होती. नाथांच्या हयातीतच, १५६५ मध्ये, विजयनगरचे वैभव धुळीस मिळाले. आणि त्यांच्या अखेरच्या वर्षांत मोगलांच्या फौजा अहमदनगरच्या तटाला भिडल्या. हिंसा म्हणजे काय, हे नाथांना पोथीतून शिकावे लागले नाही. ती त्यांच्या उंबऱ्याबाहेरच उभी होती. म्हणूनच त्यांनी सांगितलेल्या शांतीला मोल आहे. सुरक्षित माजघरात बसून शांतीचा उपदेश करणे सोपे असते. नाथांची शांती तशी नव्हती.

देवगडावरील सहा वर्षे

अवघ्या बारा वर्षांचा हा बालक सद्गुरूच्या शोधात घर सोडून निघाला आणि देवगडावर जनार्दनस्वामींच्या पायांशी येऊन थांबला. जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे. ते निजामशाहीच्या चाकरीत देवगडचे किल्लेदार होते आणि त्याच वेळी दत्तात्रेयांचे परमभक्त होते. कमरेला समशेर आणि अंतरात समाधी, असे हे विलक्षण गुरुमाउलीचे रूप एकनाथांनी प्रथमपासून पाहिले. संसार, राज्यकारभार आणि परमार्थ यांची वैरे नाहीत, हा धडा त्यांना तेथेच मिळाला.

सहा वर्षे त्यांनी गुरुगृही सेवा केली. पाणी भरणे, पूजेची सिद्धता करणे, पाय चेपणे आणि किल्ल्याच्या दफ्तरातील हिशेब लिहिणे, यांतले कोणतेही काम त्यांना हलके वाटले नाही. हिशेबातील एका क्षुल्लक रकमेची चूक रात्रभर जागून सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजविणाऱ्या शिष्याला, एवढ्याशा चुकीचा उलगडा झाल्याने इतका हर्ष होतो तर जन्मजन्मांतरीची चूक उमगल्यावर केवढा होईल, असे गुरूंनी सुचविले, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. ज्या हातांना पैचाही हिशेब चुकलेला खपत नव्हता, त्याच हातांत पुढे शस्त्र आले. नाथांच्या शौर्यकथेचे मर्म या एका गोष्टीत आहे, असे वाटते.

गुरुवार हा दत्तोपासनेचा दिवस. त्या दिवशी जनार्दनस्वामी एकांतात ध्यानस्थ बसत आणि त्यांच्या समाधीत कोणी व्यत्यय आणीत नसे. अशाच एका दिवशी शत्रूची फौज अकस्मात गडावर चालून आल्याचे वर्तमान आले. शिबंदीत गोंधळ उडाला, किल्लेदार दिसेनात. समाधी भंग करावी तर गुरुद्रोह, न करावी तर किल्ला आणि आतली माणसे शत्रूच्या तोंडी. त्या तरुण शिष्याने क्षणाचाही विलंब केला नाही. गुरूंचे चिलखत त्याने अंगावर घातले, शिरस्त्राण चढविले, त्यांची समशेर घेतली आणि त्यांच्याच घोड्यावर स्वार होऊन तो तटाबाहेर पडला. सैनिकांना वाटले, खुद्द किल्लेदारच आले. त्यांना धीर आला. युद्ध झाले, शत्रू माघारी फिरला. एकनाथ परतले, त्यांनी चिलखत आणि शस्त्रे जागच्या जागी ठेवली आणि काहीच घडले नाही अशा सहजतेने ते पुन्हा गुरुसेवेला लागले. समाधी उतरल्यावरही त्यांनी एक अक्षर काढले नाही. घडलेला वृत्तांत स्वामींना पुढे इतरांच्या तोंडून कळला.

चरित्रकारांनी ही कथा गुरुभक्तीचा दृष्टान्त म्हणून सांगितली आहे आणि ते योग्यच आहे. पण आणखी तीन गोष्टी येथे न्याहाळण्याजोग्या आहेत. एक, एकनाथांनी शस्त्र उचलले ते स्वतःवरील आघातासाठी नव्हे. ज्यांचे रक्षण गुरूंवर, आणि म्हणून त्या घटकेला त्यांच्यावर, सोपविलेले होते त्यांच्यासाठी. दुसरी, ते शस्त्र त्यांचे नव्हतेच. दुसऱ्याचे कर्तव्य दुसऱ्याच्या साधनांनी त्यांनी पार पाडले आणि त्यात स्वतःचे वैर मिसळू दिले नाही. तिसरी आणि सर्वांत मोलाची, काम होताच शस्त्र खाली ठेवले गेले. पळणाऱ्याचा पाठलाग नाही, विजयाची मिरवणूक नाही, गुरूंकडून शाबासकीची अपेक्षाही नाही. जमाखर्च पुरा झाल्यावर वही मिटावी तशी त्यांनी ती समशेर मिटविली. युद्ध पुष्कळ जण जिंकतात. युद्ध संपल्यावर ज्यांच्या मनातलेही युद्ध संपते, असे किती?

मलंगाच्या वेषातील देव

याच वास्तव्यात गुरूंनी शिष्याला दत्तदर्शन घडविले. त्या दर्शनाची कथाही आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दत्तप्रभू आले ते जटाधारी ऋषीच्या रूपात नव्हे, तर मलंगाच्या वेषात, सोबत कुत्री घेऊन आले. तरुण एकनाथ प्रथम बिचकले. गुरू त्या मलंगाच्या पंक्तीला निःशंक बसलेले पाहून त्यांना आश्चर्य वाटले. नंतर त्यांना उमगले की, देव कोणत्या वेषात समोर येईल याचा नेम नाही. जो परका वाटतो, ज्याच्या सावलीने मन आक्रसते, त्याच्याही ठायी आपले आराध्य उभे असू शकते. हा अनुभव त्यांनी जन्मभर जपला. त्याची खरी कसोटी पुढे पैठणच्या वाटेवर लागायची होती.

शूलिभंजन पर्वतावर तपश्चर्या आणि त्यानंतर तीर्थयात्रा करून एकनाथ पैठणला आले. वृद्ध आजोबांनी जनार्दनस्वामींकडून आज्ञापत्र मिळविले होते. ते वाचताच गुरूंच्या शब्दाखातर त्यांनी पुढचे पाऊल उचलले नाही आणि ते पैठणलाच राहिले. गिरिजाबाईंशी विवाह झाला. गोदावरी आणि गंगा या कन्या व हरी हा पुत्र, असा संसार फुलला. पहाटे स्नान, पूजा, दुपारी अन्नदान, सायंकाळी पुराण आणि रात्री कीर्तन, अशी त्यांची दिनचर्या सुरू झाली.

गोदेची वाट

नाथ ज्या वाटेने गोदावरीवर स्नानास जात, त्या वाटेवर एक यवन राहत असे. स्नान करून परतणाऱ्या माणसांवर पिचकारी टाकण्याची त्याला खोड होती. एके दिवशी नाथ ओलेत्याने परतत असता तो त्यांच्या अंगावर थुंकला. नाथ काही न बोलता मागे फिरले, पुन्हा स्नान करून आले. तो पुन्हा थुंकला. नाथ पुन्हा गोदेवर गेले. असे करता करता, चरित्रकार सांगतात, एकशे आठ वेळा झाले. अखेर थुंकणारा थकला, स्नान करणारा थकला नाही. त्या माणसाला आपलीच लाज वाटली आणि तो नाथांच्या पायांवर कोसळला. नाथांनी त्याला उठविले आणि त्याचे आभारच मानले. त्याच्यामुळे एका दिवसात गोदामाईची एकशे आठ स्नाने घडली, असे ते म्हणाले.

ही कथा ऐकताना आपण नाथांच्या सहनशीलतेने भारावून जातो आणि एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. नाथांनी प्रतिकार केला नाही, हे खरे. पण ते शरणही गेले नाहीत. त्यांनी वाट बदलली नाही. स्नान सोडले नाही. उद्यापासून अंधारात जाऊन यावे, असा भित्रा विचारही केला नाही. थुंकणाऱ्याची इच्छा होती की, या माणसाने चिडावे किंवा पळावे. नाथांनी त्याची एकही इच्छा पुरी केली नाही. आपले नित्यकर्म त्यांनी एकशे आठ वेळा, तितक्याच शांतपणे केले. याला दुबळेपणा कोण म्हणेल? दुबळा मनुष्य मार खातो तेव्हा आतून जळत असतो. संधी मिळाली की त्या जळण्याचा वणवा होतो. नाथांच्या आत जळण्यासारखे काही उरलेच नव्हते.

यावर कोणी म्हणेल की तो थुंकणारा परधर्मी होता, म्हणून ही कथा सांगितली जाते. तसे नाही. नाथांना चिडविणारे स्वजनही होते. कोणा गरजू ब्राह्मणाला पैठणातील काही टवाळांनी सांगितले की, नाथांना राग आणून दाखविलास तर दोनशे रुपये देऊ. तो बिचारा नाथांच्या घरी गेला आणि पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवरच जाऊन बसला. नाथांनी त्याच्या भेटीच्या उत्कंठेचे कौतुक केले. जेवणाच्या वेळी गिरिजाबाई वाढण्यासाठी वाकल्या असता तो त्यांच्या पाठीवर चढला. नाथांनी तो पडणार नाही याची काळजी घेण्यास पत्नीला सांगितले आणि त्या माउलीनेही मुलाला पाठीवर घेण्याची सवय असल्याचे सांगून हसून वेळ साजरी केली. अखेर तो ओशाळला आणि त्याने खरे कारण सांगितले. तेव्हा नाथांना वाईट वाटले ते एवढ्याचेच की, आधी सांगितले असते तर त्याच्या गरजेखातर आपण खुशाल रागावलो असतो. अपमान करणाऱ्याच्या पाठीमागे उभे असलेले त्याचे दारिद्र्य ज्याला दिसते, त्याला त्याच्यावर राग कसा येणार?

चोरांची कथाही याच जातीची. रात्री घरात शिरलेल्या चोरांची दृष्टी गेली आणि ते देवघरापाशी चाचपडू लागले. नाथांनी करुणेने त्यांना दृष्टी दिली, त्यांनी बांधलेले गाठोडे त्यांचेच म्हणून पुढे केले, वर आपल्या बोटातील अंगठीही दिली आणि गिरिजाबाईंनी त्यांना जेवू घातले. आपले शरीर, आपला मान, आपले धन, या तिन्हींवर झालेला घाला नाथांनी असा हसत सोसला.

जेथे नाथांनी सोसले नाही

परंतु नाथांनी सर्वच सोसले, असे समजणे ही त्यांच्या चरित्रावरील मोठी चूक ठरेल. भर दुपारी गोदेचे वाळवंट तव्यासारखे तापले होते. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका मातेचे मूल तिच्यामागे धावता धावता त्या वाळूत अडकून आक्रोश करीत होते. नाथ स्नानसंध्येहून परतत होते. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. त्या लेकराला त्यांनी कडेवर घेतले, त्याचे नाक-डोळे पुसले आणि गावकुसाबाहेरील त्याच्या घरी नेऊन पोचविले. त्या मुलाला त्यांनी सहनशीलतेचा उपदेश केला नाही! स्वतःच्या अंगावरील थुंकी ते सोसू शकत होते. दुसऱ्याच्या पायाखालची तापलेली वाळू त्यांना सोसवली नाही.

श्राद्धाच्या दिवशीही तेच घडले. ब्राह्मणांसाठी सिद्ध झालेल्या स्वयंपाकाचा सुवास वाटेने जाणाऱ्या भुकेल्या, दलित जनांपर्यंत पोचला. त्यांचे शब्द कानी पडताच नाथांनी ते अन्न त्यांना पोटभर वाढले आणि ब्राह्मणांसाठी दुसरा स्वयंपाक केला. ग्रामस्थ ब्राह्मण संतापले, त्यांनी पानावर येण्याचे नाकारले, नाथांना वाळीत टाकले. नाथ त्यांच्याशी भांडले नाहीत. सांगितले ते प्रायश्चित्त घ्यायलाही ते तयार झाले. पण भुकेल्याला अन्न दिले हे चुकले, असे मात्र त्यांनी कधी म्हटले नाही. आणि पुढे राण्या नावाच्या अस्पृश्य भक्ताने भावभक्तीने बोलावले तेव्हा त्याच्या घरी जेवायला जाण्यासही ते कचरले नाहीत. गोदेच्या वाटेवर दिसलेली रीतच येथे दिसते. उलटून प्रहार नाही, पण वाटही सोडायची नाही.

भागवताच्या एकादश स्कंधावर ते प्राकृतात टीका लिहीत आहेत, हे काशीच्या पंडितांना कळले तेव्हा त्यांना तेथे जाब देण्यासाठी बोलावण्यात आले. ग्रंथ गंगेत बुडवावा, अशीही भाषा झाली. नाथ नम्रपणे गेले, नम्रपणे बसले आणि लिहीतच राहिले. १५७३ मध्ये, कार्तिकी पौर्णिमेला, वाराणसीतच तो ग्रंथ पूर्ण झाला. सुमारे १८,८०० ओव्यांच्या त्या ग्रंथाची त्याच नगरीने थाटाने मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते.

घरातही हाच प्रसंग ओढवला. पुत्र हरिपंडित शास्त्रांत पारंगत झाला आणि पित्याच्या मराठी पुराणाचा व परान्न घेण्याचा त्याला तिटकारा येऊन तो काशीस जाऊन राहिला. नाथांनी त्याच्या अटी मान्य करून त्याला परत आणले, वाद घातला नाही. कालांतराने पुत्राला पित्याचा अधिकार आपोआप कळला आणि त्याचे मन पालटले.

एकाच लेखणीचे दोन ग्रंथ

नाथांच्या वाङ्मयातही हे दोन्ही प्रवाह एकत्र नांदतात. एकादश स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात अवंती नगरीच्या एका ब्राह्मणाची कथा आहे. तो पूर्वी महाकृपण होता. धन गेले, आप्त सुटले, तेव्हा तो विरक्त भिक्षू झाला. लोक त्याचा दंड-कमंडलू हिसकावतात, त्याची भिक्षा विटाळतात, त्याच्या अंगावर थुंकतात. तो शांतपणे विचार करतो की, माझ्या दुःखाचे कारण हे लोक नव्हेत, देवता नव्हेत, ग्रह, कर्म किंवा काळही नव्हे. कारण आहे ते माझे मन. आपल्याच दातांखाली आपली जीभ सापडली तर कोणाचे दात पाडावे? या भिक्षुगीतावर नाथांनी ज्या तन्मयतेने टीका केली आहे, ती वाचताना गोदेची ती वाट डोळ्यांपुढे उभी राहते. नाथ नुसते भाष्यकार नव्हते; ते त्या भिक्षूच्या वाटेने चालून आले होते.

आणि तेच नाथ आयुष्याच्या उतारावर श्रीरामकथेकडे वळले. भावार्थ रामायण हा त्यांचा अखेरचा ग्रंथ. देवांना बंदीत घालणाऱ्या, परस्त्रीचे हरण करणाऱ्या रावणाविरुद्ध प्रभू रामचंद्र धनुष्य उचलतात, वानरांसारख्या साध्यासुध्यांची सेना उभी करतात, समुद्र ओलांडतात, ही कथा त्यांनी प्रजेला मराठीत सांगितली. सीतेचे हरण झाल्यावर श्रीरामांनी भिक्षुगीत म्हटले नाही. तसे म्हणणे हा पत्नीचा, देवांचा आणि धर्माचा त्याग ठरला असता. युद्धकांडाचे ४४ अध्याय लिहून नाथांची लेखणी थांबली. उरलेला ग्रंथ त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला. भिक्षूची क्षमा आणि रामाचे धनुष्य, दोन्हींना त्यांनी सारख्याच आदराने शब्दरूप दिले.

तथापि नाथांच्या लेखी शत्रू म्हणजे दुसऱ्या धर्माचा माणूस नव्हे. त्यांनी हिंदू आणि तुर्क यांचा एक संवाद रचला आहे. दोघे एकमेकांची उणीदुणी काढतात, कडाक्याने भांडतात. परंतु शेवटी दोघांनाही एकाच परमेश्वराची खूण पटते आणि ते परस्परांना आलिंगन देतात. सोळाव्या शतकातील त्या धामधुमीत अशी रचना करण्यास समशेर उचलण्याहून कमी धैर्य लागले नसेल.

आपल्यासाठी नाथांचा कौल

तेव्हा खरे नाथ कोणते, या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही खरे आणि दोन्ही एकच. घाव माझ्यावर असेल तर तो पचविण्याचा अधिकार माझा आहे. घाव माझ्या आधाराने जगणाऱ्यावर असेल तर त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मला कोणी दिला? देवगडावर एकनाथ शांत राहिले असते तर ती शांती नसून पळपुटेपणा ठरला असता. गोदेच्या वाटेवर ते उलटून पडले असते तर ते शौर्य नसून अहंकाराची आग ठरली असती. मात्र दोन्ही ठिकाणी त्यांच्या अंतरात क्रोध नव्हता. क्रोधाने उचललेले शस्त्र रक्षण करता करता स्वतःच अन्याय करू लागते. आणि भीतीने धरलेले मौन क्षमेचे वस्त्र पांघरले तरी भीतीच राहते.

म्हणून नाथांच्या नावाचा आधार घेताना आपण सावध राहिले पाहिजे. सासरी छळ सोसणाऱ्या लेकीला, मालकाची मारझोड सहन करणाऱ्या गड्याला, बलदंडांच्या धाकाखाली दबलेल्या शेजाऱ्याला, नाथांनी एकशे आठ वेळा सोसले म्हणून तूही सोस, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. नाथांनी सोसले ते स्वतः. दुसऱ्याला त्यांनी सोसायला लावले नाही. त्याच्यासाठी ते धावले. तसेच, कोणी आपल्याविषयी अपशब्द काढला, कोणी रस्त्यात धक्का दिला, भावकीत कोणी मानपान चुकविला की लगेच देवगडच्या समशेरीची आठवण काढणे, हाही नाथांचा अपमानच. आपण बहुधा नेमके उलटे वागतो. स्वतःच्या मानासाठी तत्काळ हात उगारतो आणि दुसऱ्यावर अन्याय होताना पाहिला की शांतीचे अभंग आठवतो! नाथांच्या चरित्राच्या आरशात पाहिले की आपली ही चूक, हिशेबातील त्या रकमेप्रमाणे, आपल्याला सापडते. ती सापडल्याच्या आनंदाने आज आपण टाळी वाजवावी, हीच नाथांची खरी सेवा.

गोदेच्या उदरी

नाथांच्या लीला आपल्याला विस्ताराने सांगितल्या त्या महिपतींनी. त्यांचा भक्तलीलामृत हा ग्रंथ १७७४ चा, म्हणजे नाथांच्या निर्वाणानंतर पावणेदोनशे वर्षांनी लिहिलेला. इतका काळ ज्या कथा लोकांनी ओठांवर जपल्या, त्या कथांत लोकांना आपल्या जगण्याचा आधार सापडला असला पाहिजे. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करून मराठी भाषिकांवर अपार उपकार करणारे, भारुडांतून विंचवापासून जोगव्यापर्यंत सर्वांच्या मुखाने ब्रह्मज्ञान बोलविणारे नाथ पंडितांचे जितके, तितकेच त्या वाळूत रडणाऱ्या लेकराचे होते.

इ.स. १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला, हरिनामाच्या गजरात, नाथ गोदावरीच्या पात्रात उतरले. त्या एकाच दिवशी ज्या पाण्याने एकशे आठ वेळा त्यांच्या अंगावरचा अपमान धुतला होता, त्याच पाण्याने त्यांना आपल्या उदरी सामावून घेतले. निजामशाहीचे तट कोसळत होते, तलवारी खणाणत होत्या आणि पैठणच्या वाळवंटात एक शांत पुरुष पाण्यात चालत गेला. त्या तलवारी आज गंजून गेल्या, त्यांचे धनी विस्मृतीत गेले. पण षष्ठीच्या रात्री गोदातीरी दिवे लागतात, मृदंगावर थाप पडते आणि लक्षावधी कंठांतून भानुदास-एकनाथांचा गजर उठतो.

आज घरी नाथांच्या प्रतिमेपुढे निरांजन लावताना एवढेच मागावे. आमच्यावर येईल ते पचविण्याचे बळ दे, दुसऱ्यावर येईल ते अडविण्याचे धैर्य दे आणि दोहोंमधला भेद ओळखण्याची बुद्धी दे. शांतिब्रह्म श्रीएकनाथ महाराजांच्या चरणी साष्टांग दंडवत.